वर जाण्याचा निरोप, खाली जाण्याचा हुकूम

२४ जून १९४६. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एलेन्सबर्ग गावी स्पोकेन इंडियन्स या बेसबॉल संघाची बस जेवणासाठी थांबली होती. तेथे जॅक लॉर्की या खेळाडूला निरोप मिळाला की, वरच्या श्रेणीतील सॅन डिएगो संघाने त्याला बोलावले आहे. तो सामान घेऊन माघारी फिरला. त्याच संध्याकाळी ती बस स्नोक्वाल्मी घाटात कोसळून पेटली. नऊ खेळाडू दगावले. लॉर्कीला पुढे ‘लकी’ हे टोपणनाव चिकटले.

तो दैवाने वाचला, हे खरेच. परंतु त्या निरोपामागे एक व्यवस्था होती.

मुख्य स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, तेव्हा अवघे १६ संघ होते. प्रत्येकी २५ खेळाडू धरले तर जागा ४००. त्याखाली ट्रिपल ए, डबल ए, ए, बी, सी आणि तळाशी डी अशी मायनर लीगची उतरंड होती. १९४९ साली तिच्यात ५९ लीग होत्या आणि वर्षभरात सुमारे चार कोटी प्रेक्षक तिकीट काढून आले. खेळाडूच्या वाट्याला मात्र रात्रीचा बसप्रवास, स्वस्त हॉटेले आणि हंगामापुरताच पगार. कृष्णवर्णीयांचे हाल तर निराळेच. १९५३ मध्ये जॅक्सनव्हिलकडून खेळणारा हँक ॲरन त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी दक्षिणेतील गावांत संघाच्या हॉटेलात त्याला प्रवेश नव्हता.

या साऱ्यांना बांधणारा धागा म्हणजे करारातील ‘रिझर्व्ह क्लॉज’. करार एका वर्षाचा. पण त्याचे नूतनीकरण क्लबच्या मर्जीवर, वर्षानुवर्षे. क्लब खेळाडूला विकू शके, खालच्या गावी धाडू शके, काढूनही टाकू शके. खेळाडूला मात्र दुसरा मालक निवडता येत नसे.

जॉर्ज टूल्सन या गोलंदाजाने (बेसबॉलच्या भाषेत पिचरने) हे नाकारले. तो यँकीज क्लबच्या नेवार्क येथील ट्रिपल ए संघात होता. क्लबने त्याला बिंगहॅम्टनच्या ए श्रेणीतील संघात जाण्याचा हुकूम दिला. तो गेला नाही. तेव्हा त्याला खेळण्यास अपात्र ठरवले गेले. तो न्यायालयात गेला.

९ नोव्हेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. १९२२ च्या निवाड्याने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली होती. ती बदलायची तर काँग्रेसने बदलावी, असे न्यायमूर्तींचे म्हणणे. माझ्या मते ही निव्वळ टोलवाटोलवी होती.

मेजर लीगमधील हे बंधन १९७५ च्या लवादाने सैल केले. मायनर लीगच्या खेळाडूंची संघटना उभी राहिली २०२२ मध्ये, आणि त्यांचा पहिला सामूहिक करार झाला २०२३ मध्ये.