हळदीचा पुरावा

कुरुंदा वसमत तालुक्यातलं. हा सगळा मुलूख हळदीचा. उन्हाळा लागला की हळद काढायची, शिजवायची, वाळवायची अन् पॉलिश करायची. त्या दिवसांत माणसांचे हात पिवळेच. कुणाला विळा लागला की म्हातारी माणसं म्हणायची, "हळद दाबून धर, बस!" ते शहाणपण गावात कुणी कागदावर मांडलं नव्हतं.

१९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं त्याला हरकत घेतली. पण तिथं आजीची साक्ष चालत नव्हती. छापील कागदच लागत होता. जुने संस्कृत ग्रंथ अन् १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढं ठेवला, तेव्हा कुठं १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

२०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता हळदीतलं कर्क्युमिन म्हातारपणाचं औषध म्हणून गोळ्यांतून विकतात. ते नुसतं घेतलं तर अंगात फारसं मुरत नाही, म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घालतात. आमच्या मसाल्यात हळद-मिरी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत.

हळदीचं लेखी सापडलं, म्हणून निभावलं. बांधावरच्या बाकी पाल्याचं काय? जाणती म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून लिहून घेतलं पाहिजे.