ग्रीनिंग (लिंबूवर्गीय पिकांवरील)
संत्रा, मोसंबी इ. झाडांच्या परिकाष्ठात (अन्नवाहक ऊतकात) राहणाऱ्या जीवाणूंमुळे होणारा, सायला किडींद्वारे पसरणारा रोग. चिनी नाव ह्वांगलोंगबिंग. तो कलमातून पसरतो, हे चीनमध्ये लिन यांनी १९५६ मध्ये दाखविले. भारतातील वाहक सिट्रस सायला असल्याचे कपूर व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सिद्ध केले. विषाणुजन्य समजल्या जाणाऱ्या या रोगात १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जीवाणुसदृश सूक्ष्मजीव आढळले. ते प्रयोगशाळेत वाढविणे अत्यंत अवघड असल्याने निदान मुख्यतः डीएनए चाचणीने होते. पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना असमान पिवळे चट्टे पडतात. ते जस्ताच्या कमतरतेसारखे भासतात. फळे वाकडी, लहान राहतात व गळतात. खात्रीशीर उपचार नाही. रोगमुक्त कलमे व सायला-नियंत्रण हेच उपाय. फ्लॉरिडात २००५ मध्ये आढळल्यावर तेथील संत्रा उत्पादन प्रचंड घटले. (→ लिंबू वंश, संत्रे, वनस्पतिरोगविज्ञान).