राप, ओघळ आणि टवका

प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडून रंगवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘वेदरिंग’ हा शब्द सारखा येतो. विमान जोडून झालं, रंग चढला, चिन्हं चिकटली, की त्या कोऱ्या करकरीत रंगावर ऊन, पाऊस, धूळ, धूर आणि तेल यांच्या खुणा उमटवायच्या. इंग्रजीने हवामानाच्या नामाचंच क्रियापद केलं. मराठीत हवामानाचं क्रियापद होत नाही, पण या कामाचं क्रियापद आपल्याकडे आहे आणि ते फार नेमकं आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाचा चेहरा रापतो, चुलीच्या धुराने घराचे वासे रापतात. मळलेलं धुतलं की स्वच्छ होतं. रापलेलं होत नाही. रापायला काळ जावा लागतो. म्हणून वेदरिंगला मी ‘रापवणं’ म्हणतो. (कोकणच्या किनाऱ्यावर ओढतात ते रापण नावाचं जाळं निराळं.)

रापवण्याआधी रंग येतो, आणि तिथेही आपल्या रंगाऱ्यांची भाषा श्रीमंत आहे. रंगाच्या एका थराला मराठीत ‘हात’ म्हणतात: पहिला हात वाळला की दुसरा हात मारायचा. थर मोजायला आपण थर देणारा अवयवच घेतला. त्याला ‘पुट’ हाही शब्द आहे, तो संस्कृत, आणि आयुर्वेदात भस्माला पुटं देतात त्याच घराण्यातला. खालच्या थराला ‘अस्तर’ म्हणावं, जसं कोटाला असतं तसं. हा शब्द फार्सीतून आला. ‘रोगण’ही तिथूनच. फार्सीत त्याचा अर्थ तेल किंवा तूप. काश्मिरी रोगनजोशमधलं रोगन आणि दारंखिडक्यांना लावायचं रोगण एकच. तेलात कालवलेला रंग म्हणून ते रोगण झालं.

विमानाच्या रंगकामात आणखी एक शब्द महत्त्वाचा आहे, ‘डोप’. जुन्या विमानांच्या सांगाड्यावर कापड ताणून बसवत आणि त्यावर हा दाट, चिकट द्रव लावत. तो वाळताना कापड आवळून ढोलासारखं ताठ होई. शब्द मूळचा डच. तिथे ‘डोप’ म्हणजे बुडवून खायचं कालवण. त्यातून इंग्रजीत कोणताही दाट द्रव, मग दाट केलेली अफू, मग उत्तेजक द्रव्य असा अर्थ सरकत गेला. खेळाडूंच्या डोप चाचणीतला शब्द आणि विमानाच्या कापडावरचा शब्द एकाच भांड्यातले आहेत.

हे कापड मी मुद्दाम काढलं, कारण पुढचं सगळं एका विमानावर बोलायचं आहे: हॉकर हरिकेन. हॉकर कंपनीने आपल्या लढाऊ विमानांना वादळांची नावं दिली. हरिकेन हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिशमार्गे इंग्रजीत गेलेला. त्यानंतरचं टायफून तर आपल्या तुफानाचं नातलग. १९४४ साली इम्फाळच्या आघाडीवर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने हरिकेनच उडवली. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी असे पट्टे, पंखांवर आणि अंगावर ओळखीसाठी निळ्या दोन छटांचं वर्तुळ. ब्रिटिश वर्तुळातला मधला तांबडा ठिपका या आघाडीवर काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर तांबडा गोल असे आणि धांदलीत आपल्याच माणसांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या असत्या.

आता हे विमान रापवायला घ्या. इथे ‘वेदरिंग’ हा शब्द अपुरा पडतो, कारण तो सगळ्या खुणांना एकाच पोत्यात भरतो. ज्याच्या मनात एकच शब्द असतो तो सगळीकडे एकच काळपट पाणी फिरवतो. मराठी मात्र विचारते, नेमकं काय झालंय?

रंगाचा कपचा उडाला असेल तर तो ‘टवका’. कपाच्या कडेचा जातो तोच. हरिकेनवर टवके कुठे उडतील? वैमानिक डाव्या बाजूने चढे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी. पंखांत २० मिलिमीटरच्या तोफा असलेल्या हरिकेनवर दारूगोळा भरणारे पंखावर चढून झाकणं उघडत, म्हणून त्या झाकणांच्या कडांना. तिथे खालचं ॲल्युमिनियम चमकेल. पण वैमानिकाच्या पाठीमागे, शेपटीकडच्या अंगावर, चंदेरी टवका काढला तर चूक. तिथे धातूचा पत्राच नाही, डोप लावलेलं कापड आहे. कापड फाटतं, विटतं, डागाळतं, त्याला टवका पडत नाही. रोटॉल कंपनीच्या पंख्याची पातीही बहुधा लाकडाची असत. त्यांच्या कडेला टवका गेला तर आत लाकूड दिसायला हवं.

आकाराचंही भान हवं. १:७२ या प्रमाणात सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. या प्रमाणात एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटरचा, चार बोटं रुंद. एवढे रंगाचे तुकडे उडालेलं विमान कोणताही मेकॅनिक तसंच सोडणार नाही. म्हणून ब्रशऐवजी स्पंजचा बारीक तुकडा घ्यावा, रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपावा आणि मग कडेला नुसता टेकवावा.

रंगाचा पातळ पापुद्रा सुटून वर आला तर ते ‘पोपडे’. टवका आघाताने जातो, पोपडा आतून सुटतो, म्हणजे रंगाने खाली नीट धरलं नव्हतं. उन्हाने रंगाचा जोर गेला तर तो ‘विटला’, आणि याच क्रियापदाने मनही विटतं.

मग धूर. इंजिनच्या धुराड्यांमागे पसरते ती ‘काजळी’. कज्जलापासून काजळ, काजळापासून काजळी. पण हरिकेनच्या मर्लिन इंजिनच्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलेलं असे, त्यामुळे काजळीच्या मधोमध फिकट राखाडी पट्टाही उमटे. नुसता काळा रंग फवारून काम भागत नाही. काजळी आणि राख दोन्ही हवीत.

तेलाच्या बाबतीत तर आपली भाषा दिशासुद्धा सांगते. उभ्या विमानातून तेल खाली ठिबकलं तर तो ‘ओघळ’. उडत्या विमानात वाऱ्याने मागे ओढलं तर तो ‘फराटा’. हरिकेनच्या पंख्याच्या बुंध्यातून तेल उडून वैमानिकासमोरच्या काचेवर येई, म्हणून नाकावर ते अडवणारं एक कडं बसवलं होतं. त्या कड्यामागचे डाग फराट्यासारखे मागे जायला हवेत. ते उभे ओघळासारखे काढले की विमान कधी उडलंच नाही असं वाटतं.

आणि गेरू. तो वापरायचा मोह सगळ्यांना होतो, रंगही देखणा. शब्द संस्कृत ‘गैरिक’वरून आला; गिरीवर मिळतो म्हणून गैरिक. पण गेरूचा तांबूस रंग लोखंडाचा आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तांबडा गंज चढत नाही. गेरू ठेवायचा तो धुराड्यांच्या तापलेल्या पोलादी नळ्यांसाठी, फार तर चाकाला लागलेल्या मातीसाठी.

मराठीतल्या ‘-कट’ या प्रत्ययाइतकी मदत मला रंगांच्या एकाही तक्त्याने केलेली नाही. मळकट, मातकट, धुरकट, तेलकट, कळकट: प्रत्येक शब्दात रंगाबरोबर त्याचं कारण बसलेलं आहे. धुरकट म्हटलं की धूर कुठून आला हे सांगावं लागतं. रंगांच्या बाटल्यांवरच्या ‘ग्राइम’ आणि ‘डस्ट’ या नावांनी तो प्रश्न पडत नाही.

तेव्हा मॉडेल करणाऱ्या मित्रांना एक सुचवतो. ब्रश उचलण्याआधी त्या विमानाचा फोटो समोर ठेवा आणि दिसेल त्या प्रत्येक डागाचं मराठी नाव कागदावर लिहा: इथे टवका, इथे ओघळ, इथे काजळी. ज्या डागाला नाव सापडणार नाही, तो काढू नका.