बांधावरचे झाड आणि रोमचा कायदा

१/ प्राचीन रोममध्ये एका माणसाच्या द्राक्षवेली तोडल्या गेल्या. त्याने दावा लावला आणि तो हरला. कारण होते न्यायालयात उच्चारलेला एक शब्द. शेजाऱ्यांच्या झाडांनी रोमन कायद्याला काय शिकवले, त्याची ही हकिगत.

२/ इ.स.पू. ४५१-४५० च्या सुमारास रोमने आपला कायदा लिहून काढला. हीच ‘बारा पाट्यां’ची संहिता. मूळ पाट्या नष्ट झाल्या. नंतरच्या लेखकांच्या उल्लेखांतून ती आपल्याला कळते. कर्ज आणि वारसा यांच्याबरोबर तीत शेजाऱ्याच्या झाडालाही स्थान होते. बांध जागचा हलत नाही. झाड मात्र वाढत राहते. त्याची सावली, फळे आणि मुळे बांध ओलांडतात.

३/ सावली : शेजाऱ्याच्या शेतावर झुकलेल्या फांद्या जमिनीपासून १५ फूट उंचीपर्यंत छाटणे आवश्यक होते. मालकाने टाळाटाळ केली, तर शेजाऱ्याने त्या स्वतः छाटाव्यात आणि लाकूड ठेवून घ्यावे. त्याला बळाने अडवण्यास ‘प्रेटर’ या न्यायाधिकाऱ्याची मनाई असे.

४/ फळे : शेजाऱ्याच्या जमिनीत पडलेले फळ वेचण्याचा हक्क झाडाच्या मालकाचाच. मात्र त्यासाठी ‘दर तिसऱ्या दिवशी’ अशी मर्यादा होती. रोमन गणनेत पहिला दिवसही धरला जाई. म्हणजे प्रत्यक्षात एक दिवसाआड. एकाचे फळ बुडू नये आणि दुसऱ्याच्या शेतात रोजची ये-जा होऊ नये, असा हा तोल होता.

५/ मुळे : इ.स. ५३३ मधील जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’नुसार, बांधालगतच्या झाडाने शेजाऱ्याच्या जमिनीतही मुळे रोवली, तर ते दोघांच्या सामाईक मालकीचे होई. अथेन्सच्या सोलोनने हा तंटा आधीच टाळू पाहिला होता : सीमेपासून ५ फूट सोडून झाड लावावे, ऑलिव्ह आणि अंजीर यांसाठी ९ फूट.

६/ कुऱ्हाड : दुसऱ्याचे झाड अन्यायाने तोडल्यास बारा पाट्यांत प्रत्येक झाडामागे २५ ‘अस’ (तांब्याचे चलन) दंड होता. द्राक्षवेलींचा दावा याच कलमाखाली आला. कलमातला शब्द होता ‘झाडे’. वादी म्हणाला ‘वेली’. वेली कलमात बसत होत्या, पण कायद्याचा शब्द जसाच्या तसा उच्चारला गेला नाही. तेवढ्यावर दावा संपला.

७/ ही घटना इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गायस सांगतो. जरा चूक झाली की दावा बुडे, म्हणून ही जुनी पद्धत लोकांना नकोशी झाली, असेही तो नोंदवतो. पुढे तिच्या जागी लेखी सूत्रांची पद्धत आली. तीत प्रेटर वादाचा मुद्दा प्रकरणानुरूप मांडून देई आणि न्यायाधीश त्यावर निवाडा करी.

८/ गायसचा ग्रंथही जवळजवळ हरवलाच होता. १८१६ मध्ये वेरोनाच्या ग्रंथालयात इतिहासकार नीबूर याला एक जुने हस्तलिखित आढळले. संत जेरोमच्या पत्रांखाली, खरवडून पुसलेल्या ओळींत गायस दडलेला होता. हरलेल्या त्या वादीचे नाव त्यातही नाही. पण नेमका शब्द म्हणजेच न्याय नव्हे, हे दाखवणारा त्याचा दावा मात्र त्यामुळे टिकून राहिला.