सूझाचा बँड व ध्वनिलेखांचें प्रामाण्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘मरीन बँड’ हा लष्करी बँड इ. स. १७९८ मध्यें स्थापन झाला. जॉन फिलिप सूझा हा १८८० पासून १८९२ पर्यंत त्याचा बँडमास्तर होता. १८९० सालीं कोलंबिया फोनोग्राफ कंपनीनें या बँडचें वादन मेणाच्या नळकांड्यांवर उतरून घेतलें. तेवढ्यावरून सूझाच्या वाद्यचालनाचें तें अस्सल साधन होय, असें मानण्याचा मोह होतो. परंतु यंत्राच्या कर्ण्यासमोर मोजकेच वादक बसत, व सूझा स्वतः अशा प्रसंगीं सहसा उभा राहत नसे. यांत्रिक संगीतावर त्यानें १९०६ सालीं जाहीर टीकाही केली. उलटपक्षीं, त्याच्या वादनांतील कित्येक फेरफार छापील स्वरलिपींत उतरलेच नाहींत. पोथीवर आश्रयदात्याचें नांव आहे, एवढ्यानें ती त्याच्या हातची ठरत नाहीं. तोच न्याय आम्ही येथें लावतों. नळकांडें हा बँडचा पुरावा होय, बँडमास्तराचा नव्हे.