मधुलेप आणि तैलाभ्यंग : एक भेदविचार

अलीकडे शहरांतील सौंदर्यगृहांच्या पाट्यांवर व दुकानांतील पत्रकांवर 'प्राचीन आयुर्वेदोक्त मधुमर्दन' अशा अर्थाचे शब्द वारंवार दिसूं लागले आहेत. मध अंगास चोळावा, त्यानें कांति खुलते, अंग मोकळें होतें, आणि हा उपचार आपल्या पूर्वाचार्यांनींच सांगून ठेवला आहे, असा त्यांचा आशय असतो. कांति खुलते कीं नाहीं हें वैद्यांनीं पाहावें. परंतु 'पूर्वाचार्यांनीं सांगितलें' हें विधान इतिहासाचें आहे, व त्याचा निर्णय ग्रंथ उघडूनच झाला पाहिजे. प्रस्तुत निबंधांत आम्हीं तेवढाच प्रश्न घेतला आहे : आपल्या जुन्या वैद्यकांत मध त्वचेवर येतो तो लेप म्हणून, कीं मर्दनाचें द्रव्य म्हणून? वरवर पाहतां हा भेद क्षुल्लक वाटेल. तो तसा नाहीं, हें पुढें दिसून येईल.

हा प्रश्न वाटूरसारख्या गांवीं बसून विचारण्यास कारण आहे. वाटूर हें परतूर तालुक्यांतील गांव. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं निर्माण झाला. तत्पूर्वीं परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. परंतु त्याच्याही फार मागें, तेराव्या शतकांत, या प्रदेशावर देवगिरीच्या यादवांची सत्ता होती. महादेव व रामचंद्र या दोन यादव राजांच्या पदरीं श्रीकरणाधिप असलेला हेमाद्रि सामान्य जनांस हेमाडपंती देवळांमुळें व मोडी लिपीच्या आख्यायिकेमुळें ठाऊक असतो, आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस 'चतुर्वर्गचिंतामणी'मुळें. त्यानें वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली, ही गोष्ट मात्र वैद्यांच्या बाहेर फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. या टीकेचा सूत्रस्थानावरील भाग उपलब्ध आहे. आणि मध, अभ्यंग, उद्वर्तन व मुखलेप हे चारही विषय त्या सूत्रस्थानांतच आले आहेत. म्हणजे आमच्या प्रांतांत सातशें वर्षांपूर्वीं विद्वान् लोक याविषयीं कोणता ग्रंथ प्रमाण मानीत होते, हें निश्चित आहे. साक्षीदार घरचा आहे. त्याला विचारावयाचें एवढेंच.

प्रथम मधाचें स्वरूप पाहूं. चरकानें मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे चार प्रकार सांगितले, व त्यांत माक्षिक श्रेष्ठ ठरविला. सुश्रुतानें छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल हे आणखी चार मिळवून आठ केले. वाग्भटानें सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत मधाचे गुण दिले आहेत. त्याच्या मतें मध रूक्ष आहे, कषाय व मधुर आहे, कफाचें छेदन करणारा आहे. तो व्रण शुद्ध करतो, सांधतो व भरून आणतो. आणि तो वात वाढवितो. यांतील 'रूक्ष' व 'वात वाढविणारा' हीं दोन विशेषणें वाचकांनीं लक्षांत ठेवावीं, कारण आमच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच आहे.

आतां अभ्यंगाकडे वळूं. वाग्भटाच्या दिनचर्येच्या अध्यायांत अभ्यंग नित्य करावा असें आहे. त्यानें जरा, श्रम व वात यांचा परिहार होतो. मस्तक, कान व पाय यांस तो विशेषेंकरून करावा. चरकानेंही सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत हाच विषय मांडतांना स्नेहाचा महिमा वर्णिला आहे, व तेल पाजलेलें चामडें आणि वंगण दिलेला आंस यांसारखे दृष्टांत दिले आहेत. म्हणजे अभ्यंगाचें प्रयोजन स्निग्धता आणि वातशमन. मध तर रूक्ष व वातल! ज्या हेतूनें अंग चोळावयाचें, त्याच्या अगदीं उलट गुणाचें हें द्रव्य आहे. म्हणून अभ्यंगाच्या या दोन्ही प्रकरणांत मधाचें नांव येत नाहीं.

कोणी म्हणेल, अभ्यंग नसेल तर उद्वर्तन असेल. उद्वर्तन म्हणजे आपलें उटणें. तें कफ हरण करतें, मेद विरघळवितें, अंग दृढ करतें व त्वचा प्रसन्न करतें, असें वाग्भट सांगतो. यांतील कफहरणाचा गुण मधाशीं जुळतो, हें खरें. परंतु उटणें हें चूर्णांचें व कल्कांचें असतें, आणि चिकट मध अंगभर रगडण्याचें विधान या प्रकरणांत नाहीं. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें शके १०५१ (इ. स. ११२९-३०) च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासां'त राजाच्या स्नानाचें सविस्तर वर्णन आहे, तेथेंही सुवासिक तेल आणि उटणें हाच क्रम दिसतो.

मग मध त्वचेवर येतो कोठें? लेपांत. येथें पुरावा स्पष्ट आहे. 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानांत क्षुद्ररोगांच्या चिकित्सेंत व्यंगावर, म्हणजे आपण ज्यास वांग म्हणतों त्यावर, अर्जुनाची साल किंवा मंजिष्ठा मधांत कालवून लावावी असें सांगितलें आहे. हाच योग पुढें शार्ङ्गधरानेंही आपल्या संहितेच्या उत्तरखंडांत लेपविधीमध्यें घेतला. तेव्हां चेहऱ्याच्या डागांवर मध लावण्यास ग्रंथाधार आहे, यांत संशय नाहीं.

हा लेप कसा लावावयाचा, तेंही सूत्रस्थानांत आहे. मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार, आणि त्याची जाडी अंगुळाचा चौथा भाग, तिसरा भाग किंवा अर्धा भाग, असें माप दिलें आहे. लेप ओला आहे तोंवरच ठेवावा. वाळला तर उलट कांति बिघडवितो. काढतांना तो भिजवून काढावा, आणि त्यानंतर तोंडास अभ्यंग करावा. हा शेवटचा नियम आमच्या मतें निर्णायक आहे. लेप आणि अभ्यंग या एकापाठोपाठच्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत : पहिलींत द्रव्य स्थिर ठेवावयाचें, दुसरींत हात फिरवावयाचा. हेमाद्रीची टीका ज्या स्थानावर आहे त्यांतलाच हा बाविसावा अध्याय. आजची पत्रकें या दोन क्रियांची एकच क्रिया करून तिला प्राचीनत्वाचा मुलामा देतात.

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, सुश्रुतानें मुखरोगांत 'प्रतिसारण' सांगतांना कल्क, रसक्रिया, क्षौद्र व चूर्ण हे चार प्रकार दिले आहेत, व तें बोटाच्या अग्रानें करावयाचें असतें. म्हणजे मध चोळल्याचें उदाहरण आहे. आहे खरें, पण तें मुखाच्या आंतील भागाचें आहे, अंगमर्दनाचें नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, चरकानें मधास 'योगवाही' म्हटलें आहे, म्हणजे ज्याच्याशीं मिसळावा त्याचे गुण तो वाहून नेतो. मग तेलांत मिसळून चोळल्यास तो स्नेहाचेंच काम करील. या तर्कास तर्क म्हणून जागा आहे, परंतु तर्क म्हणजे परंपरा नव्हे. योगवाहित्वाचा खरा उपयोग मंजिष्ठेच्या वरील लेपांत दिसतो : औषध मंजिष्ठेचें, वाहन मधाचें.

मध तापवूं नये हा नियम पुष्कळ जण येथें पुढें करतात व गरम हातांनीं मध चोळणें म्हणून निषिद्ध ठरवितात. तो युक्तिवाद आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. उष्ण मधाचा निषेध मुख्यतः पोटांत घेण्यासंबंधीं आहे. वाग्भटानेंच वमन व निरूह बस्ति यांचा अपवाद केला आहे, कारण त्यांत मध न पचतांच बाहेर पडतो. आपला पक्ष बळकट करण्याकरितां नियम त्याच्या क्षेत्राबाहेर ताणणें हें संशोधकास शोभत नाहीं.

घरच्या देवपूजेंतही हाच भेद जपलेला आढळतो. पंचामृतांत दूध, दहीं, तूप, मध व साखर हीं क्रमानें देवावर घालतात, व प्रत्येकानंतर शुद्धोदकाचें स्नान असतें. सुगंधी तेल व ऊन पाणी यांचें मांगलिक स्नान हा त्याहून वेगळा उपचार. मूर्तीस मध वाहतात आणि लगेच धुतात. चोळतात तें तेल. मनुष्याच्या बाबतींतही आमच्या वाटूर-परतूरकडे बाळंतिणीस व तान्ह्या मुलास तेल लावून न्हाऊं घालतात, नरकचतुर्दशीस तेल व उटणें लावतात. मधाची कुपी देवघरांत किंवा औषधाच्या कोनाड्यांत असते.

त्वचेच्या संबंधांत मधाचें सर्वांत जुनें व सर्वांत बळकट स्थान व्रणचिकित्सेंत आहे. सुश्रुतानें शस्त्रकर्मानंतर तिळाचा कल्क, मध व तूप यांनीं माखलेली वात व्रणांत ठेवण्यास सांगितलें. फाटलेली कानाची पाळी सांधल्यावर मध व तूप लावून कापसानें किंवा वस्त्रखंडानें झांकून दोऱ्यानें बांधण्याचा विधि दिला. मिसर देशांतील, इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० च्या, एड्विन स्मिथ पपायरसांतही जखमेवर स्निग्ध पदार्थ, मध व तंतू ठेवण्याचे उपचार आहेत. दूरच्या दोन संस्कृतींचा अनुभव येथें एकवटतो.

या अनुभवाचा आधुनिक पडताळा महाराष्ट्रांतच घेतला गेला, ही अभिमानाची गोष्ट होय. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. एम्. सुब्रह्मण्यम् यांनीं वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन सारखे गट केले. एका गटास मधांत भिजविलेली जाळीदार पट्टी, दुसऱ्यास त्या काळीं रूढ असलेल्या चांदीयुक्त औषधाची पट्टी बांधली. मधाच्या गटांत पंधरा दिवसांत शेंकडा ८७ जखमा भरल्या, दुसऱ्यांत शेंकडा १०. हा वृत्तांत १९९१ सालीं 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें २०१५ सालच्या कॉक्रेन समीक्षेनेंही मर्यादित खोलीच्या भाजण्यांत मधानें जखम लवकर भरते असें म्हटलें. परंतु इतर बहुतेक जखमांविषयींचा पुरावा हलक्या प्रतीचा ठरविला. कारणही समजण्याजोगें आहे. मधांत पाणी शेंकडा वीसच्या आंतबाहेर व बाकी बहुतेक साखर असल्यानें तो ओलावा शोषून घेतो. तो आम्ल असतो. आणि पातळ झाला म्हणजे त्यांतील एका किण्वापासून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड निघतें. या तिन्ही क्रियांस मध जागेवर राहणें व वेळ मिळणें अवश्य आहे. म्हणजे येथेंही पुन्हा लेपच! दवाखान्यांत वापरावयाचा मध किरणांनीं निर्जंतुक केलेला असतो, हें मात्र विसरूं नये. दुकानांतली बाटली भाजलेल्या जागीं ओतणें ही सुश्रुताची परंपरा नव्हे.

मग मध चोळण्याची रीत आली कोठून? रशियांतील 'बान्या' नांवाच्या वाफेच्या स्नानगृहांत अंगास मध चोळण्याचा प्रघात आहे, व पूर्व युरोपांत मधाचें मर्दन हा एक स्वतंत्र उपचार झाला आहे. त्यांत तळहात अंगावर दाबून चिकटवितात व झटक्यानें उचलतात, त्यायोगें कातडी ओढली जाऊन लाल होते. आपल्या अभ्यंगांतील सरकता हात आणि हा ओढणारा हात यांत साम्य नाहीं. ज्याची त्वचा धडधाकट आहे व ज्यास परागांचें वावडें नाहीं त्यानें हौसेनें तो करावा. आमची हरकत उपचारास नाहीं, त्याच्या कपाळीं लावलेल्या खोट्या कुळास आहे.

या खोट्या कुळाचा खरा उपद्रव तान्ह्या मुलांस होऊं शकतो. 'प्राचीन' या शब्दावर विश्वासून घरांतील वडील स्त्रिया बालकाच्या तेलाच्या वाटीची जागा मधास देऊं लागल्या, तर तो हात-पाय चोखणाऱ्या मुलाच्या पोटांत जाईल. जातकर्मांत मध-तूप चाटविण्याचा संस्कार आहे खरा. परंतु मधांतील कांहीं जंतुबीजें एक वर्षाखालील मुलाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करूं शकतात. हा 'बॉट्युलिझम' नांवाचा रोग अर्भकांत १९७६ सालीं ओळखला गेला. म्हणून एक वर्षाच्या आंतील मुलास मध देऊं नये, हा आजच्या वैद्यकाचा निश्चित नियम आहे. बालकास तेल लावणाऱ्या आपल्या आज्या याबाबतींत पत्रकांपेक्षां शास्त्राच्या अधिक जवळ होत्या.

दुसरा विचार मधमाशीचा. अजिंठ्याच्या कड्याला लटकणारीं आग्या मोहोळें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस मध किती कष्टानें व किती धोक्यानें मिळतो हें सांगावयास नको. पोळें जाळून मध काढण्याची जुनी रीत वसाहतच नष्ट करीत असे. पुण्यास १९६२ सालीं मधमाशी-संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. अशा प्रयत्नांनीं पेटींतील माशी राखून मध घेण्याची विद्या वाढली आहे. तरी एक माशी सबंध आयुष्यांत चमचाभरही मध देत नाहीं. वांगावरील लेपास बोटभर मध पुरतो. अंगभर मर्दनास वाटी लागते व ती मोरींत वाहून जाते.

एवंच, निष्पन्न होतें तें असें. मध त्वचेचा मित्र आहे याला चरक-सुश्रुतांपासून सोलापूरच्या रुग्णालयापर्यंत आधार आहे. परंतु तो ठेवण्याचा आहे, रगडण्याचा नाहीं. मर्दनाचें काम आपल्या परंपरेनें तेलाकडे, घासण्याचें उटण्याकडे, आणि भरून आणण्याचें व डाग घालविण्याचें मधाकडे सोंपविलें. देवगिरीच्या श्रीकरणाधिपानें राज्याचा हिशेब ठेवतां ठेवतां ज्या ग्रंथावर टीका लिहिली, त्यांत ही वांटणी स्वच्छ आहे. ती मोडावयाची असेल तर खुशाल मोडावी. मात्र नवें तें नवें म्हणून सांगावें, आणि वाग्भटाच्या नांवावर तें खपवूं नये.