अवतरणचिन्ह, डेटाबेस पृच्छांतील

अवतरणचिन्ह, डेटाबेस पृच्छांतील : डेटाबेसमधील माहिती शोधण्यासाठी वा बदलण्यासाठी दिलेल्या आज्ञेस पृच्छा म्हणतात. पृच्छेतील आज्ञेचे शब्द कोणते व निव्वळ मजकूर कोणता, हे संगणकाला अवतरणचिन्हावरून कळते. या सीमेचा इतिहास माहितीच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

आयबीएम कंपनीतील एडगर एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये माहितीची कोष्टकरूप मांडणी करणारे संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यावर आधारित ‘सीक्वेल’ ही भाषा डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ती ‘एसक्यूएल’ या नावाने रूढ झाली. तिचे अमेरिकी मानक १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये निश्चित झाले. मानकानुसार मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. मजकुरातच ते चिन्ह आल्यास लागोपाठ दोनदा लिहितात. १९९२ च्या मानकात दुहेरी चिन्ह कोष्टके व स्तंभ यांच्या नावांसाठी राखले गेले. मायएसक्यूएलसारख्या प्रणालीने मात्र मजकुरासाठी दुहेरी चिन्ह, तसेच चिन्हापूर्वी उलटी तिरपी रेघ देण्याची रीतही स्वीकारली. त्यामुळे एका प्रणालीतील पृच्छा दुसरीत चुकीची ठरू शकते.

वापरकर्त्याने दिलेला मजकूर आज्ञावलीत चलामध्ये ठेवतात. तो पृच्छेच्या शब्दांना जोडून एकच वाक्य बनविणे ही सर्वांत सोपी रीत होय. ‘गोविंद’ या नावाने तीत अडचण येत नाही. परंतु आयरिश ओब्रायन किंवा गोव्यातील डिसोझा ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना मध्ये बहुधा लोपचिन्ह येते व त्यासाठी एकेरी अवतरणचिन्हच वापरले जाते. तेथेच मजकूर संपला असे समजून संगणक पुढील अक्षरे आज्ञा म्हणून वाचतो आणि पृच्छा फसते.

अजाणता घडणारा हा दोष हेतुपुरस्सरही घडविता येतो. वापरकर्ता मुद्दाम अवतरणचिन्ह देऊन त्यापुढे स्वतःची आज्ञा लिहितो. या हल्ल्यास ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. जेफ फॉरिस्टल यांनी डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात टोपणनावाने त्याचे वर्णन केले. ऑगस्ट २००९ मधील एका अमेरिकी आरोपपत्रानुसार हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स व अन्य कंपन्यांकडून १३ कोटींहून अधिक कार्डांचे क्रमांक चोरीस गेले. त्यात हाच मार्ग वापरलेला होता. ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती २०१५ मध्ये याच रीतीने उघड झाली व २०१६ मध्ये कंपनीस ४ लाख पौंड दंड झाला.

आरंभीचे उपाय चिन्हाला निष्प्रभ करण्याचे होते. पीएचपी भाषेतील ‘मॅजिक कोट्स’ ही सोय बाहेरून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी आपोआप तिरपी रेघ घालीत असे. त्यामुळे साठविलेल्या नावांत नको त्या रेघा शिरत आणि सुरक्षिततेचा खोटा भरवसा वाटे. ही सोय २००९ मध्ये त्याज्य ठरवून २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली. जीबीके या चिनी संकेतनात दोन बाइटांचे एक अक्षर होते व दुसऱ्या बाइटाचे मूल्य तिरप्या रेघेइतके असू शकते. त्यामुळे रक्षणासाठी घातलेली रेघच आधीच्या बाइटाशी जुळून अक्षरात विरते आणि अवतरणचिन्ह मोकळे राहते. हा धोका २००६ मध्ये स्पष्ट झाला.

खरा उपाय आज्ञा व मजकूर वेगवेगळे पाठविणे हा होय. पृच्छेत मजकुराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती आधी सिद्ध करतात आणि मूल्य मागाहून देतात. त्यामुळे मूल्यातील कोणतेही चिन्ह आज्ञा म्हणून वाचले जात नाही. ही सोय १९९२ च्या मानकात होती. म्हणजे हल्ल्याची चर्चा सुरू होण्यापूर्वीच उपाय उपलब्ध होता. परंतु शब्द जोडण्याची सोपी रीत रूढ राहिली. मायएसक्यूएलमध्ये तर ही सोय २००४ च्या सुमारास, ४.१ या आवृत्तीत आली. कोष्टकांची व स्तंभांची नावे मात्र अशा रीतीने देता येत नाहीत. ती आधी ठरविलेल्या यादीतूनच निवडावी लागतात. अवतरणचिन्हाची राखण करण्यापेक्षा त्यावर विसंबण्याची गरजच नाहीशी करणे अधिक सुरक्षित, हे या इतिहासावरून दिसून येते.